त्या फोटोत एकही डॉक्टर नाही

दर वर्षी ३१ मार्च, आनंदीबाई जोशींचा जन्मदिवस, आला की कल्याण-डोंबिवलीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक जुना फोटो फिरू लागतो. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई, मध्ये किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे दमास्कसच्या साबात इस्लामबुली. खालची ओळ ठरलेली: ‘जगातल्या पहिल्या तीन महिला डॉक्टर’. चूक दाखवली की उत्तरही ठरलेलं, ‘अहो, फोटो समोर आहे ना! फोटो कधी खोटं बोलतो का?’

फोटो खोटं बोलत नाही, कारण तो बोलतच नाही. त्यात तीन चेहरे आणि तीन पोशाख दिसतात. पदवी दिसत नाही, तारीख दिसत नाही. ती माहिती बाहेरून आणावी लागते, आणि ती सहज मिळते. फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात डीनबाईंनी दिलेल्या स्वागतसमारंभातला. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी. ओकामींना १८८९ मध्ये, इस्लामबुलींना १८९० मध्ये. म्हणजे त्या दिवशी तिघीही विद्यार्थिनी होत्या. आणि जगातल्या पहिल्या? एलिझाबेथ ब्लॅकवेल १८४९ मध्येच डॉक्टर झाल्या होत्या. हे कॉलेजच मुळी १८५० मध्ये बायकांसाठी निघालं.

‘चार-पाच महिन्यांनी काय बिघडतं?’ असं विचारणारे भेटतात, आणि इथे मला खरंच राग येतो. बिघडतं ते हे, की आपण विजयाचं चित्र पाहतो आहोत असं समजतो. त्या दिवशी तिथे होती ती कल्याणात वाढलेली वीस वर्षांची मुलगी, जिचा प्रबंध आणि परीक्षा अजून पार पडायच्या होत्या. ते कष्ट एका चुकीच्या ओळीने पुसले जातात.

दुसरी हमखास येणारी प्रतिक्रिया: ‘चेहऱ्यावरच आजार दिसतोय, डोळे किती उदास!’ आनंदीबाईंची तब्येत अमेरिकेत ढासळत गेली हे खरं आहे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, त्या पुण्यात वारल्या. पण हे आपल्याला पत्रांतून आणि कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रातून माहीत झालं, त्या चेहऱ्यावरून नव्हे. त्या काळी फोटोसाठी हसायची रीतच नव्हती. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्ह यांनी शंभरेक वर्षांपूर्वी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी जोडून दाखवला होता. प्रेक्षकांना एकदा भूक दिसली, एकदा दुःख, असं ते सांगत. आपणही तेच करतो. शेवट ठाऊक असल्यामुळे तो शेवट चेहऱ्यावर नेऊन ठेवतो.

१८८५ मध्ये हाच फोटो पाहणाऱ्या अमेरिकन माणसाला कल्याण ठाऊकही नव्हतं. फोटोखालच्या हस्तलिखित ओळीत आनंदीबाईंच्या नावापुढे बंगालमधलं सेरामपूर आहे, तेही स्पेलिंग चुकवून. कारण अमेरिकेला निघण्यापूर्वी जोशी दांपत्य तिथे राहत होतं. पूर्वेकडच्या तीन मुली आपल्या शहरात येऊन वैद्यक शिकताहेत, याचा अभिमान त्या माणसाला वाटला असेल. आपल्याला गावच्या लेकीचा अभिमान वाटतो. दोन्ही अभिमान खरे आहेत, पण दोन्ही पाहणाऱ्याचे आहेत.

हल्ली संगणकाने रंगवलेली प्रत येते. त्यातला साडीचा रंग निव्वळ अंदाज आहे. त्या काळच्या फोटोच्या साध्या काचा निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देत आणि लाल प्रकाशाला जवळजवळ देतच नसत. त्यामुळे लाल कापड काळं उमटे आणि निळं फिकट. गडद दिसतं म्हणून साडी काळी होती, असंही म्हणता येत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात, काही दुसऱ्या फोटोंबद्दलचेही.

‘आनंदीबाईंनी दवाखाना चालवला.’ नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूक झाली होती, पण काम सुरू करण्याइतकं आयुष्य उरलं नाही. १८८६ मध्येच कलकत्त्यात वैद्यकीय पदवी घेतलेल्या कादंबिनी गांगुली यांनी मात्र पुढे अनेक वर्षं व्यवसाय केला.

‘पाण्यावरच्या कमानींच्या पुलावर रेल्वेगाडी दिसते, तो देशातल्या पहिल्या गाडीचा फोटो.’ ती गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि तिथेच थांबली, कारण रूळ तिथेच संपत होते. खाडी ओलांडून कल्याणपर्यंतचा मार्ग सुरू झाला १ मे १८५४ ला. पूल ठाण्याच्या पलीकडचा, कळव्याकडचा. मग त्यावर पहिली गाडी कशी येईल?

‘एडिट केलेला नाही, म्हणजे खरा.’ २६ जुलै २००५ च्या पुराचा अस्सल फोटो ‘आत्ताचं कल्याण’ म्हणून पाठवला, तर एकही बिंदू न बदलता तो दिशाभूल करतो.

‘फोटोत गर्दी दिसते तेवढीच असते.’ दिवाळीच्या सकाळी डोंबिवलीचा फडके रोड दुरून, लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपला तर मागची-पुढची डोकी एकमेकांना चिकटलेली दिसतात; गच्चीवरून सरळ खाली टिपला तर त्याच माणसांमधली मोकळी जागा दिसते. दोन्ही फोटो एकाच मिनिटात काढता येतात.