हवा, हृदय आणि दादाचा फेरफटका

माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची, पहिली अँजिओप्लास्टी झाली तेव्हा पथ्याचा कागद मीच त्याला लिहून दिला होता. मीठ कमी, तळलेलं बंद, तंबाखू वर्ज्य, गोळ्या वेळेवर आणि रोज पाऊण तास चालणं. पुण्यात पस्तीस वर्षं जनरल प्रॅक्टिस केली, असे कागद शेकड्यांनी लिहिले असतील. दादा शिस्तीचा माणूस. पहाटे साडेपाचला कानटोपी घालून तो कर्वे रस्त्याला लागायचा. डिसेंबरातल्या अशाच एका पहाटे चालता चालता त्याच्या छातीत भरून आलं. तो एका दुकानाच्या पायरीवर बसला. दूध टाकायला निघालेल्या एका मुलानं त्याला रिक्षात घातलं, म्हणून वाचला.

रुग्णालयात त्याला सगळं विचारण्यात आलं. खाणं, झोप, गोळ्या, मनावरचा ताण. एक प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही, मीसुद्धा नाही. तुम्ही चालता, तेव्हा श्वासाबरोबर आत काय घेता?

त्या सकाळच्या हवेमुळंच दादाला झटका आला, असं मी म्हणणार नाही. एका माणसाच्या बाबतीत ते कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. पण हजारो माणसांचा हिशेब मांडला की हवा आणि हृदय यांचं नातं स्पष्ट दिसतं. ते मला आधी ठाऊक असतं, तर तो कागद मी वेगळा लिहिला असता.

प्रदूषण म्हटलं की आपल्याला खोकला आणि दमा आठवतो. डोळ्यांना दिसणारी धूळ बरीचशी नाकात आणि घशातच अडते. आपण शिंकतो, खाकरतो आणि ती बाहेर टाकतो. खरा घातक असतो तो न दिसणारा कण. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना 'पीएम २.५' म्हणतात. आपल्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते. म्हणजे एका केसाच्या रुंदीत असे वीसेक कण सहज शेजारी शेजारी मावतील. डिझेलचा धूर, कोळसा, लाकूड, जळता कचरा, फटाके यांतून ते निघतात. काही तर वायूंपासून हवेतच तयार होतात. हे कण घशाला फारसं जाणवू न देता थेट फुप्फुसाच्या टोकाशी, वायुकोशांपर्यंत पोचतात.

तिथून हृदयापर्यंत तीन वाटा आहेत. पहिली मज्जातंतूंची. फुप्फुसाला कण टोचले की शरीर संकटाचा इशारा देतं, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, ठोक्यांची लय बिघडू शकते. हे काही तासांतही घडतं. दुसरी वाट दाहाची. कण गिळायला आलेल्या पेशी रसायनं सोडतात, ती रक्तात उतरतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. धमनीच्या भिंतीत आधीच मेदाचा थर साचलेला असेल, तर तो अस्थिर होतो. तो फुटला आणि त्यावर गुठळी धरली, की आपण त्याला हार्ट अटॅक म्हणतो. तिसरी वाट अगदी सरळ. सर्वांत बारीक कण वायुकोशाची भिंत ओलांडून स्वतःच रक्तात शिरतात.

हे शेवटचं ऐकीव नाही. एडिंबरोच्या संशोधकांनी डच सहकाऱ्यांसह केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी निरोगी माणसांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण हुंगायला दिले. सोनंच का? तर ते शरीरात गुपचूप राहतं आणि नेमकं ओळखता येतं. काहींच्या रक्तात ते पंधरा मिनिटांत सापडलं आणि तीन महिन्यांनंतरही दिसत होतं. मानेच्या धमनीची शस्त्रक्रिया व्हायची होती अशा काही रुग्णांनीही ते हुंगलं. धमनीतून काढलेल्या मेदाच्या थरात, म्हणजे नेमकं दुखऱ्या जागी, सोनं मिळालं.

आता माणसांचा हिशेब. १९९३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांमधल्या आठ हजारांवर प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १४ ते १६ वर्षं त्यांचा मागोवा घेतला होता. धूम्रपान, वजन, शिक्षण यांतले फरक जमेस धरूनही सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाला. २००१ साली बॉस्टनमधल्या ७७२ हार्ट अटॅकच्या रुग्णांची नोंद तपासली, तेव्हा झटक्याआधीच्या दोन तासांत हवेतले सूक्ष्म कण वाढलेले असतील, तर धोका वाढतो असं आढळलं. २०१० पर्यंत इतका पुरावा जमला, की अमेरिकन हार्ट असोसिएशननं हे नाते कार्यकारणाचं असल्याचं मत दिलं.

तुम्ही म्हणाल, सिगारेटपुढं हे काय? एका माणसापुरता विचार केला, तर सिगारेट कितीतरी वाईट. पण सिगारेट काहीजण ओढतात, हवा सगळेच ओढतात. ज्याला आधीच हृदयविकार किंवा मधुमेह आहे, ज्याचं वय झालं आहे, त्याला तिचा भार अधिक पडतो. आपल्याकडं २००९ पासून चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली ती १५ असावी असं सुचवलं.

दादाची चूक काय झाली? खरं तर माझीच. पहाटेची हवा ताजी, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. थंडीत मात्र जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, तिच्यावर उबदार थर बसतो. जणू पातेल्यावर झाकण. रात्रभराचा धूर त्या झाकणाखाली कोंडलेला असतो. ऊन तापलं की झाकण उचललं जातं. म्हणजे दादा कोंडलेल्या धुरात, मोठ्या रस्त्याच्या कडेनं, जोरजोरात श्वास घेत चालत होता.

म्हणून चालणं सोडू नका. चालण्याचा फायदा मोठाच आहे. थंडीत ऊन वर आल्यावर निघा, हमरस्ता टाळून आतल्या गल्लीनं किंवा बागेत चाला. 'समीर' या अॅपवर हवेचा निर्देशांक दिसतो. तो वाईट असेल त्या दिवशी घरातच फेऱ्या मारा. पुण्यातल्या मुली दुचाकीवर बांधतात तो स्कार्फ उन्हाला बरा, या कणांना तो अडवत नाही. नीट बसणारा एन-९५ मास्क अडवतो. बीजिंगमध्ये ९८ हृदयरुग्णांना एकदा मास्क लावून आणि एकदा न लावता दोन तास शहरातून चालायला लावलं होतं. मास्क असताना त्यांचा रक्तदाब थोडा कमी राहिला आणि हृदयावरचा ताणही कमी दिसला. घरात मच्छर अगरबत्ती बंद खोलीत लावू नका. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हृदयालाही हीच गोष्ट लागू आहे.

पण वेळ बदलणं दादाला जमलं, ते निवृत्त म्हणून. चौकातल्या वाहतूक पोलिसाला, हातगाडीवाल्याला ते कसं जमेल? त्यांच्यासाठी धूरच कमी करावा लागतो.

आम्ही सुरुवात आमच्या फाटकापासून केली. सोसायटीचा वॉचमन रोज पहाटे पालापाचोळा पेटवायचा. दादा त्याच्यावर रागावला, तर तो म्हणाला, "काका, साफसफाईसाठी नाही हो, थंडी वाजते म्हणून." तोवर हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. आता पाचोळा खताच्या खड्ड्यात जातो. वॉचमनला जाड स्वेटर, घोंगडी आणि केबिनला दार मिळालं. धूर सर्वांत जवळून त्याच्याच छातीत जात होता.