तांब्या, केरसुणी आणि बटणे : बालवाडीतील जीवनव्यवहार

हात धुणे, बटण लावणे, सांडलेले पाणी पुसणे, आलेल्याला पाण्याचा पेला देणे ही कामे अडीच ते सहा वर्षांच्या मुलाने शाळेत, आणि तीही अक्षरओळखीच्या आधी शिकायची असतात, हा विचार बालशिक्षणात प्रामुख्याने मारिया माँटेसरी यांनी रुजवला. त्यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. पुढे त्यांच्या पद्धतीत स्थान मिळालेल्या या कामांना मराठी बालशिक्षणात ‘जीवनव्यवहार’ म्हणतात. स्वतःची निगा, परिसराची निगा आणि इतरांशी वागण्याची रीत ही त्याची मुख्य अंगे होत.

या शिक्षणाचे मर्म उपदेशात नसून कामाची फोड करण्यात आहे. उदाहरणार्थ, लाकडी चौकटीवर कापडाचे दोन पदर बसवून मध्ये मोठी बटणे लावलेली असतात. शिक्षिका मुलाशेजारी बसून, शक्यतो न बोलता, बटणाची कड काजात सरकवते, दुसऱ्या हाताच्या चिमटीने ती पलीकडून ओढून घेते आणि प्रत्येक टप्प्यावर क्षणभर थांबते, म्हणजे पाहणाऱ्या मुलाला नुसते बटण लागलेले न दिसता ते लागते कसे हे दिसते. ओतण्याचे काम आधी धान्याने आणि मग पाण्याने होते. भांडी मुद्दाम खरी, प्रसंगी काचेचीही ठेवतात, कारण सांडले वा फुटले की चूक वस्तूच दाखवून देते आणि रागावण्याचे काम मोठ्यांकडे उरत नाही. मोठ्या माणसाला काम संपवायचे असते, तर मुलाला ते करायचे असते; म्हणूनच चकचकीत झालेले भांडे मूल पुन्हा घासायला घेते, आणि त्या वेळी त्याला थांबवणे ही शिक्षिकेची चूक ठरते.

महाराष्ट्रात या पद्धतीपुढे खरा प्रश्न खर्चाचा होता. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. पण महागडी साधने शहरी मध्यमवर्गाच्या पलीकडे पोहोचणे कठीण होते. १९४५ मध्ये ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डीला गेल्या. तेथे बालवाडीत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली, आणि आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे हाच पहिला पाठ झाला. बिया, खडे, शिंपले, पाने ही साधने बनली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच काम आदिवासी मुलांमध्ये वाढले. साधनाचे मोल त्याच्या किमतीत नसते, हे या दोघींनी कोणत्याही प्रबंधापेक्षा अधिक ठामपणे सिद्ध केले, असे म्हणावे लागते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणातल्या या शाळेचे ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि मातांसाठी पोषण-आरोग्य शिक्षण यांच्या जोडीला पूर्वप्राथमिक शिक्षण आहे खरे, पण आहार आणि नोंदवह्या यांच्या गर्दीत तेच सर्वांत सहज मागे पडते.

वास्तविक जीवनव्यवहाराला वेगळ्या तासाची गरज नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यासारख्या घाटमाथ्यालगतच्या, मुसळधार पावसाच्या भागात आषाढातली अंगणवाडी उंबरठ्यावरच सुरू होऊ शकते : चिखलाचे पाय धुणे, चपला जोडीने लावणे, ओला रेनकोट झटकून अडकवणे, मागून आलेल्या लहानग्याचे बटण सोडवून देणे. घनसाळ भात पिकवणाऱ्या घरातल्या मुलाने सुपात तांदूळ पाखडताना पाहिलेले असते. वाटीतून वाटीत धान्य ओतण्याला त्याच्याकरिता बाहेरून काही आणावे लागत नाही. घरी मात्र ‘सांडशील, ठेव’ म्हणून त्याला बाजूला केले जाते, आणि त्यात आईचा दोष काढण्याचे कारण नाही, कारण लावणीच्या दिवसांत तिच्याजवळ थांबायला वेळ नसतो. तो वेळ अंगणवाडीत काढता येतो. मात्र त्यासाठी खुंट्या मुलाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, केरसुणी आखूड आणि पाण्याचा तांब्या त्याच्या एका हाताला उचलेल इतका लहान असावा लागतो, आणि खाऊ वाढण्याआधी एकेकाला हात धुऊ देण्यास सेविका व मदतनीस यांना दहा मिनिटे अधिक मिळावी लागतात.