परराष्ट्र सेवा आणि आपली नगर हवेली

दहावीच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ‘पुढे कोण होणार?’ असे विचारले, तर उत्तरे बहुधा ठरलेली असतात. कोणी डॉक्टर, कोणी अभियंता, कोणी शिक्षक, कोणी पोलीस अधिकारी होऊ इच्छितो. सिल्व्हासाच्या कारखान्यांत चांगली नोकरी मिळाली तरी पुष्कळ झाले, असे म्हणणारेही थोडे नसतात. यांत गैर काहीच नाही. परंतु ‘मी परराष्ट्र सेवेत जाणार, माझ्या देशाचा राजदूत होणार’ असे उत्तर क्वचितच कानी पडते. ते क्षेत्र राजेरजवाड्यांच्या मुलांचे, मोठ्या शहरांतील इंग्रजी शाळांत शिकलेल्यांचे, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे क्षेत्र आहे तरी कसे आणि ज्या भूमीत आपण राहतो तिचा या क्षेत्राशी किती निकटचा संबंध आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

एका राज्याने आपला विश्वासू मनुष्य दुसऱ्या राज्याच्या दरबारी ठेवावा, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. मराठेशाहीत अशा मनुष्यास ‘वकील’ म्हणत. दिल्लीस हिंगणे घराण्यातील वकील होते. निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. परदेशाच्या राजदूताच्या कचेरीला आपण आजही ‘वकिलात’ म्हणतो, तो शब्द या परंपरेतूनच आलेला आहे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केले, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले व दहा वर्षांहून अधिक काळ परमुलखात एकाकीपणे झगडत राहिले. इकडे गोव्याचे पोर्तुगीजही आपली कामे करून घेण्यासाठी येथील भाषा व रीतिरिवाज जाणणारी माणसे नेमीत. त्यांत गोमंतकातील सारस्वत मंडळी पुष्कळ होती. गोव्याचे थोर इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी या दूतांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. तात्पर्य, हा व्यवसाय आपल्या माणसांना परका नाही.

आता आपल्या भूमीची कथा पाहू. १७ डिसेंबर १७७९ रोजी पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात मैत्रीचा तह झाला. त्या तहास अनुसरून वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांस द्यावयाची ठरली आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी नगर हवेली व दादरा येथील गावे त्यांच्या हाती गेली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली व सभोवतालचा मुलूख इंग्रजांचा झाला. समुद्रकाठचे दमण पोर्तुगीजांकडे, आतील नगर हवेली व दादरा पोर्तुगीजांकडे, आणि मधली भूमी मात्र दुसऱ्याची, अशी ही विलक्षण रचना होती. १९४७ नंतर ती मधली भूमी स्वतंत्र भारताची झाली.

भारताने आधी बोलणी करून पाहिली. १९५० मध्ये पोर्तुगालला वाटाघाटींचे आवाहन करण्यात आले. पोर्तुगालने ते नाकारले. तेव्हा १९५३ मध्ये भारताने लिस्बन येथील आपली वकिलात बंद केली. १९५४ च्या जुलै महिन्यात दादरा मुक्त झाले, २ ऑगस्ट रोजी सिल्व्हासा मुक्त झाले आणि वरिष्ठ पंचायतीचा कारभार सुरू झाला. हा इतिहास आपल्या घरांतील वृद्ध मंडळींच्या तोंडून पुष्कळांनी ऐकला असेल. परंतु त्यापुढे जे घडले ते तितकेसे सांगितले जात नाही. कारण ते घडले बंदुकांवाचून, कागदपत्रांच्या बळावर आणि येथून हजारो मैल दूर.

१४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला आणि अवघ्या आठ दिवसांनी, २२ डिसेंबर रोजी, त्याने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा गुदरला. दमणहून नगर हवेलीस जाण्याचा आम्हास हक्क आहे आणि भारताने तो अडवून ठेवला आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्यातील मेख ध्यानी घ्यावी. हा हक्क सैन्यासह मान्य झाला असता, तर पोर्तुगीज शिपायांना सिल्व्हासापर्यंतची वाट कायद्यानेच मोकळी झाली असती! भारताची बाजू ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले महंमद करीम छागला हे या खटल्यापुरते भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून आसनस्थ होते.

त्या न्यायासनापुढे आपल्या मराठी सनदांची छाननी झाली. पेशव्यांनी ही गावे कायमची तोडून दिली, की केवळ त्यांचे उत्पन्न खावयास दिले? सनदांत शब्द होते ‘जहागीर’ आणि ‘सरंजाम’. मराठी राज्यव्यवहारात या शब्दांचा अर्थ सत्तेचे दान असा होत नाही. देणाऱ्याच्या मर्जीवर चालणारी महसुलाची नेमणूक एवढाच तो होतो. मराठ्यांनी पेशवाईत सार्वभौमत्व दिले नव्हते, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र पुढे इंग्रजांनी व त्यांच्यामागून भारताने प्रत्यक्ष व्यवहारात पोर्तुगीजांची सत्ता गृहीत धरली होती, असेही त्याने नमूद केले. म्हणजे लिहिलेल्या शब्दाला जसा अर्थ असतो, तसाच वर्षानुवर्षे बाळगलेल्या मौनालाही असतो. परराष्ट्र व्यवहाराचा याहून मोठा धडा कोणता?

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. सामान्य नागरिक, मुलकी अधिकारी व माल यांना नेण्याआणण्याचा हक्क १९५४ मध्ये पोर्तुगालला होता. पण सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा नेण्याचा हक्क नव्हता. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातही सशस्त्र दलांना परवानगीवाचून जाता येत नसे, हे येथे उपयोगी पडले. सैन्याविषयीचा हा निर्णय आठ विरुद्ध सात मतांनी झाला. केवळ एका मताचे अंतर! भारताने जी वाट बंद केली त्यात त्याने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असेही नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

पुढे १९६१ च्या ऑगस्टमध्ये आपला प्रदेश भारतात विलीन झाला. त्या वेळचा एक प्रसंग मोठा बोधप्रद आहे. विलीनीकरणाच्या करारावर भारतातर्फे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू सही करणार होते. मग समोरूनही समान अधिकाराचा मनुष्य हवा. म्हणून येथील प्रशासक, भारतीय प्रशासन सेवेतील के. जी. बदलानी यांना ११ ऑगस्ट १९६१ या एका दिवसापुरते नगर हवेलीचे पंतप्रधान करण्यात आले. हा केवळ उपचार होता. परंतु राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहारात उपचार हा कायद्याचाच एक भाग असतो. पोर्तुगालने मात्र ही वस्तुस्थिती ३१ डिसेंबर १९७४ च्या करारानेच मान्य केली आणि दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जुळले.

एवढ्या विवेचनावरून राजदूताच्या कामाचे स्वरूप ध्यानात येईल. व्हिएन्ना येथे १९६१ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात ही कामे स्पष्ट नोंदलेली आहेत. आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करणे, देशाच्या व देशबांधवांच्या हिताचे रक्षण करणे, वाटाघाटी करणे, तेथील परिस्थिती कायदेशीर मार्गांनी जाणून घेऊन मायदेशी कळविणे आणि मैत्री, व्यापार व सांस्कृतिक संबंध वाढविणे ही ती पाच कामे होत. राजदूतास परदेशात अटक करता येत नाही, वकिलातीत तेथील पोलिसांना परवानगीवाचून शिरता येत नाही. हे संरक्षण त्याच्या व्यक्तिगत थोरवीसाठी नसते. निर्भयपणे काम करता यावे यासाठी असते. त्या देशाचे कायदे पाळण्याचे बंधन त्याच्यावर असतेच. तो यजमान देशास नकोसा झाला, तर कारण न सांगता त्याला परत पाठविता येते.

मेजवान्या आणि हस्तांदोलने एवढेच चित्र ज्यांच्या डोळ्यांपुढे असते, त्यांनी १९९० चे कुवेत आठवावे. इराकने कुवेत व्यापल्यावर तेथे अडकलेल्या सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना मायदेशी आणण्यात आले. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा तेथे शिकणाऱ्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांना शेजारच्या देशांमार्गे परत आणले गेले. हरवलेला पासपोर्ट, तुरुंगात पडलेला मजूर, परदेशी मृत्यू पावलेल्याचा देह घरी पोहोचविणे, अशी साधी पण घराघराला भिडणारी कामे वाणिज्य दूतावासात रोज चालतात.

आता या सेवेत प्रवेश कसा मिळतो ते पाहू. भारतीय परराष्ट्र सेवेची स्थापना ९ ऑक्टोबर १९४६ च्या निर्णयाने झाली. संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा हे तिचे मुख्य प्रवेशद्वार. कोणत्याही विषयाचा पदवीधर या परीक्षेस बसू शकतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने मन खट्टू करण्याचे कारण नाही. वय एकवीस ते बत्तीस असावे लागते. अनुसूचित जातिजमातींच्या उमेदवारांना वरच्या मर्यादेत पाच वर्षांची सवलत आहे. आपल्या वारली, धोडिया, कोकणा बंधुभगिनींनी हे अवश्य लक्षात ठेवावे. प्रथम पूर्वपरीक्षा, मग नऊ उत्तरपत्रिकांची मुख्य परीक्षा व शेवटी मुलाखत असे टप्पे आहेत. मुख्य परीक्षेतील निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषय यांची उत्तरे मराठीत लिहिता येतात व मुलाखतही मराठीत देता येते. इंग्रजीची एक उत्तरपत्रिका मात्र उत्तीर्ण व्हावीच लागते. परीक्षेला बसणारे लाखो, निवडले जाणारे शेकडो आणि त्यांतून परराष्ट्र सेवेत जाणारे मोजकेच, हेही लपविण्यात अर्थ नाही.

निवड झालेले उमेदवार मसुरीच्या अकादमीत प्रारंभिक शिक्षण घेतात व नंतर दिल्लीतील सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत येतात. प्रत्येकास एक परकी भाषा नेमून दिली जाते. चिनी, अरबी, रशियन, जपानी, फ्रेंच, पोर्तुगीज अशांपैकी ती असू शकते. त्या भाषेची परीक्षा द्यावीच लागते. तृतीय सचिव या पदापासून आरंभ होऊन द्वितीय सचिव, प्रथम सचिव, समुपदेशक अशा पायऱ्या चढत राजदूतपद येते. राष्ट्रकुलातील देशांत त्याच पदास ‘उच्चायुक्त’ म्हणतात.

मराठी माणसांनी या सेवेत आपले नाव राखले आहे. औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त झाले व पुढे ब्रिटनमध्ये उच्चायुक्त होते. राम साठे १९७९ ते १९८२ या काळात, तर चिनी भाषा जाणणारे विजय गोखले २०१८ ते २०२० या काळात परराष्ट्र सचिव होते. हे या सेवेतील सर्वोच्च पद होय. पण आपल्यासाठी अधिक जवळचे उदाहरण ज्ञानेश्वर मुळे यांचे. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुललाट या खेड्यात ते वाढले, १९८३ मध्ये सेवेत आले, जपानी भाषा शिकून टोकियोस गेले व पुढे न्यूयॉर्क येथे महावाणिज्यदूत झाले. ‘माती, पंख आणि आकाश’ हे त्यांचे मराठी पुस्तक विद्यार्थ्यांनी जरूर वाचावे. आणि मुलींनी सी. बी. मुथम्मा हे नाव स्मरणात ठेवावे. १९४९ मध्ये या सेवेत आलेल्या त्या पहिल्या महिला. स्त्री अधिकाऱ्यास विवाहासाठी सरकारची परवानगी घ्यावयास लावणाऱ्या नियमांविरुद्ध त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले.

या सेवेत कष्टही आहेत. दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलवावे लागते. मुलांच्या शाळा बदलतात. आईवडिलांच्या आजारपणात जवळ असता येईलच असे नाही. काही नेमणुका युद्धाच्या छायेत असतात. शिवाय आपले वैयक्तिक मत बाजूस ठेवून देशाचे मत शांतपणे मांडावे लागते. ज्याला चटकन राग येतो किंवा ज्याला ऐकण्यापेक्षा बोलणे अधिक आवडते, त्याने आधी स्वतःस तपासून पाहावे.

मग आज शाळेत असताना काय करावे? रोज वर्तमानपत्र वाचावे आणि बातमीतील देश नकाशावर शोधून काढावा. इतिहास पाठ करण्याऐवजी त्यातील कारणे विचारावीत. इंग्रजीची भीती सोडावी; पण मराठी कच्ची ठेवू नये, कारण ज्याला एका भाषेत नेमके लिहिता येते, त्यालाच दुसऱ्या भाषेत ते साधते. याबाबतीत आपण दैववान आहोत. आपल्या गावांत वारली, धोडिया, गुजराती, मराठी, हिंदी अशा कितीतरी बोली कानावर पडतात. माझ्यासारख्याच्या घरी कोकणी असते. दुसऱ्याच्या भाषेत त्याचे म्हणणे समजून घेण्याचा अभ्यास आपल्या मुलांना अंगणातच घडतो. महानगरातील पुष्कळ मुलांना तो विकत घ्यावा लागतो.

‘जहागीर’ आणि ‘सरंजाम’ या दोन शब्दांचा नेमका अर्थ जाणणारी माणसे हेगमध्ये आपल्या बाजूने उभी होती, म्हणून पेशव्यांनी काय दिले आणि काय दिले नाही हे जगासमोर सिद्ध झाले. अशा माणसांची गरज देशाला पुढेही पडणार आहे. त्यांत एखादे नाव सुरंगीच्या शाळेच्या हजेरीपटावरचे असावे, अशी इच्छा बाळगण्यास कोणतीच हरकत नाही. त्या दिशेने अभ्यासाला लागण्यास तर मुळीच नाही.