मार्कंडा: दगडांवर नंबर टाकलेलं देऊळ बघायला का जायचं?

चंद्रपूरहून एका दिवसात होणारी सहल. जायच्या आधी हे वाचून घ्या

"अवो, कळस कुठी गेला?" गाडीतून उतरल्या उतरल्या आजीने पहिला प्रश्न हाच केला. लग्नानंतरच्या वर्षांत ती महाशिवरात्रीला बंडीने मार्कंड्याला यायची. तेव्हा नदीपलीकडून शिखर दिसलं की हात जोडायचे, अशी तिच्या घरची रीत. यंदाच्या हिवाळ्यात आई, बाबा, आजी आणि मी असे चौघे गेलो, तेव्हा मुख्य मंदिराचं शिखर जागेवर नव्हतं. ते कुठे गेलं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

मार्कंडा (मार्कंडादेव) हे गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर आहे. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. बाबा अजूनही 'आपला जिल्हा' म्हणतात ते त्यामुळे.

'विदर्भाची काशी' का?

वैनगंगा एरवी दक्षिणेकडे वाहते. मार्कंड्याजवळ मात्र वळण घेऊन ती काही अंतर उत्तरेकडे जाते. काशीची गंगाही उत्तरवाहिनी, म्हणून हे नाव. गाव मार्कंडेय ऋषींच्या नावाचं. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेल्या या मुलाने शिवलिंगाला मिठी मारली आणि यमाला परत जावं लागलं, ही कथा बहुतेकांना माहीत असते. इथल्या समूहात यमाचंही देऊळ आहे. हरलेल्या पक्षालाही जागा दिली, हे मला आवडलं.

दुसरं नाव 'विदर्भाचं खजुराहो'. मंदिरांच्या बाहेरच्या भिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी, हत्ती, सिंह यांच्या ओळीच्या ओळी आहेत. एकेकाळी इथे २४ मंदिरं होती असं सांगतात. आज त्यातली काही उभी आहेत, काहींचे नुसते चौथरे. लोक सरसकट 'हेमाडपंती' म्हणतात, पण हेमाद्री हा तेराव्या शतकातल्या यादवांचा मंत्री. इथली मुख्य मंदिरं त्याच्या आधीची मानली जातात.

मग शिखर कुठे आहे?

मंदिर खिळखिळं झाल्याने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मुख्य मंदिराच्या दुरुस्तीचं काम हाती घेतलं. ते बरीच वर्षं रेंगाळलं आणि त्यावरून इथल्या भाविकांत नाराजी आहे. शिखराचे दगड एकेक करून उतरवले गेले, प्रत्येकावर क्रमांक टाकला गेला.

मी इंजिनिअरिंग केलंय, म्हणून आजीला समजावायची जबाबदारी माझ्यावर आली. अशा बांधकामात दगड एकमेकांच्या वजनाने आणि खाचांनी धरून राहतात. खालचा एक थर सरकला की वरचं सगळं कलतं. त्यामुळे वरवर सिमेंट लावून भागत नाही. उतरवायचं, नकाशावर नोंदवायचं, पाया नीट करायचा आणि त्याच क्रमाने पुन्हा चढवायचं. म्हणजे त्या रंगवलेल्या आकड्यांना आणि नोंदवहीला मूर्तींइतकीच किंमत. आकडा पुसला तर दगड असूनही जागा हरवते.

हे देऊळ पहिल्यांदाच जखमी झालेलं नाही. पूर्वी वीज पडून शिखराचा वरचा भाग मंडपावर कोसळल्याची हकीकत आहे. पुढे गोंड राजवटीत डागडुजी झाली. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम १८७० च्या दशकात मध्य प्रांतात फिरले, त्यांच्या अहवालात मार्कंड्याचं सविस्तर वर्णन आहे.

कसं जाल, कधी जाल?

चंद्रपूर, चिचपल्ली, मूल, मग हरणघाटला वैनगंगेचा पूल ओलांडून चामोर्शी आणि तिथून मार्कंडा. आम्हाला सुमारे दोन तास लागले. मूलपर्यंत बराचसा रस्ता जंगलातून जातो, त्यामुळे अंधार पडायच्या आत परत फिरा.

मॅपवर नुसतं 'मार्कंडा' टाकू नका. याच तालुक्यात मार्कंडा कंसोबा नावाचं दुसरं गाव आहे. 'मार्कंडादेव' शोधा आणि मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा, वाटेत नेटवर्क जातं.

महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. शिल्पं निवांत बघायची असतील तर ते दिवस टाळा. पावसाळ्यात गोसीखुर्दचं पाणी सोडलं की नदी झपाट्याने चढते. तेव्हा घाटावर उतरू नका. उन्हाळ्यात दुपारी फरशीवर अनवाणी चालवत नाही, हे आईचं म्हणणं.

डबा खाऊन झाल्यावर आजी उतरवलेल्या दगडांपाशी गेली. कठड्याबाहेरूनच ती एकेका दगडावरचा आकडा वाचत होती. शाळा दुसरीपर्यंतच, पण आकडे येतात. एका दगडावरचा रंग उडत आला होता. ती मला म्हणाली, "ह्याचा फोटो काढून ठेव बापा, मंग मिटन तं सापडन कसा?"

मी काढला. फोनमध्ये आहे.