दीड तासाचे पैसे

मासेमारी करताना जगभरात दर वर्षी किती माणसं मरतात? १९९९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने उत्तर दिलं होतं : २४ हजार. पुढे ३२ हजार हा आकडा रूढ झाला. २०२२ मध्ये न्यूझीलंडच्या ‘फिश सेफ्टी फाउंडेशन’ने ‘प्यू ट्रस्ट’साठी नव्याने हिशेब मांडला, तर तो लाखाच्या वर गेला. तेवीस वर्षांत दर्या काही चौपट खवळला नव्हता. बिननोंदणीच्या होड्यांवरचे, चोरट्या मासेमारीतले खलाशी आधी कुणाच्या वहीतच नव्हते. ते आता धरले गेले, तेही अंदाजाने.

वर्षाला लाख म्हणजे दिवसाला २७४. सव्वापाच मिनिटांना एक. २०२२ साली समुद्र, नद्या, तलावांतून जगाने सुमारे ९ कोटी १० लाख टन मासळी पकडली. भागाकार केला की दर ९१० टनांमागे एक जीव येतो. दहा टनी ९१ ट्रक भरून मासळी आणि एक माणूस.

आता पैशांकडे या. २०१८ साली जगातल्या सरकारांनी मासेमारीला दिलेलं अनुदान संशोधकांनी मोजलं : ३,५४० कोटी डॉलर. यातला काही भाग मत्स्यसाठे जपण्याच्या चांगल्या कामांचा आहे, हे मान्य. पण २,२२० कोटी डॉलर ताफ्यांची क्षमता वाढवण्यात गेले. सगळ्यात मोठा वाटा इंधनाचा. थोडक्यात, आणखी लांब जा, आणखी ओढा. एकूण रकमेला वरच्या मृतांच्या आकड्याने भागलं तर दर मृत्यूमागे ३ लाख ५४ हजार डॉलर पडतात.

आणि सुरक्षेसाठी? अमेरिकेने २०१०च्या कायद्यात मच्छीमारांच्या सुरक्षेसाठी खास अनुदान ठरवलं. वर्षाला ३० लाख डॉलर प्रशिक्षणाला, ३० लाख संशोधनाला. पहिले पैसे वाटले जायला २०१९ उजाडलं, ही सरकारी चाल आपल्याला नवी नाही. ६० लाख डॉलर ऐकायला मोठे वाटतात. जगाचं मासेमारी अनुदान ताशी ४० लाखांनी वाहतं. म्हणजे दीड तासाचे पैसे. एका देशाची तुलना साऱ्या जगाशी कशाला, असं कुणी म्हणेल. बरं, २०१८ मध्ये एकट्या अमेरिकेचं मासेमारी अनुदान ३४० कोटी डॉलर होतं. त्याच्या शंभर रुपयांमागे सुरक्षेला अठरा पैसे.

गंमत अशी की इतक्या थोड्या पैशांतही बरंच होतं.

अलास्काच्या खेकडेमारीत १९९०च्या दशकात ७३ माणसं गेली. लोखंडी सापळे एकेक सुमारे तीनशे किलोचे. ते डेकवर वाजवीपेक्षा जास्त रचले की बोट वरून जड होते, त्यात फवाऱ्याचं पाणी गोठून बर्फाचा थर चढतो, आणि ती आडवी होते. १९९९ पासून अमेरिकी तटरक्षक दल हंगामाआधी धक्क्यावरच जाऊन सापळे मोजू लागलं. जास्त असले तर बोट सोडायची नाही. एक लाख खलाशांमागे मृत्यूचं वार्षिक प्रमाण ७७० वरून पुढच्या दशकात २६० वर आलं. यात कसलंही थोर तंत्रज्ञान नव्हतं.

त्याच देशात २००० ते २०१६ या काळात बोटीवरून पाण्यात पडून २०४ मच्छीमार मेले. त्यांतल्या किती जणांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं? शून्य. आळस म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण ज्याने दिवसभर दोर ओढलाय त्याला विचारा. जॅकेट काचतं, उकडतं, दोरात अडकतं. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या शेवंडमारांच्या बाबतीत संशोधकांनी उपदेश टाळला. १८१ जणांना नऊ प्रकारची जॅकेटं वाटून कामावर वापरून बघायला सांगितलं. मग पसंतीची जॅकेटं व्हॅनमध्ये भरून बंदरोबंदर सवलतीत विकली. हजाराहून अधिक खपली. माझ्या मते अनुदानाचा याहून शहाणा खर्च सापडणं कठीण.

आइसलँडची गोष्ट तर आकड्यांना हसू आणणारी. तिथे १९८५ साली खलाशांची सुरक्षा शाळा निघाली, आणि शाळेसाठी तटरक्षक दलाचं एक जुनं जहाज मिळालं. किंमत : एक हजार क्रोना, म्हणजे नावापुरती. पुढे प्रशिक्षण सक्तीचं झालं. २००८ साली त्या देशाचा एकही खलाशी समुद्रात मेला नाही. इतिहासात पहिल्यांदाच.

आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाने भरकटलेल्या ६८ बोटी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. ६६ केरळच्या, दोन तमिळनाडूच्या. त्यांवर ९५२ माणसं जिवंत होती. बाहेर समुद्रात असताना वादळाचा इशारा पोचायला बहुतेकांकडे साधनच नव्हतं. मोबाइल किनारा सुटला की थोड्या वेळात गप्प होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला एका योजनेचं उद्घाटन झालं : तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपॉन्डर. खर्च सुमारे ३६० कोटी रुपये, बोटीमागे ३६ हजार.

जगात मासेमारीच्या एकूण ४९ लाख होड्या-बोटी आहेत. तीन आठवड्यांचं जागतिक अनुदान वळवलं, तर यातल्या प्रत्येकीवर असं एक यंत्र बसतं.