वीज वाचवणारी वास्तू

कार्यालयात वीजबचतीचा विषय निघाला, की काही दिवे मालवावेत, पंखे बंद ठेवावेत, असे उपाय प्रथम सुचवले जातात. परंतु अपुऱ्या उजेडात डोळे शिणतात, कोंदट हवेत लवकर थकवा येतो आणि कामात चुका होऊ लागतात. अशा बचतीने विजेचे बिल उतरते खरे. मात्र त्याची किंमत कर्मचाऱ्यांना मोजावी लागते. मग पुरेसा उजेड आणि मोकळी हवा मिळूनही वीज कमी लागेल, असे काही करता येईल काय? बंगळूरु येथील एका इमारतीत या प्रश्नाचे उत्तर सापडते.

'टेरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऊर्जा-संशोधन संस्थेचे दक्षिण विभागीय केंद्र बंगळूरुच्या दोम्लूर भागात आहे. या इमारतीचा आराखडा वास्तुरचनाकार संजय मोहे यांनी तयार केला. बंगळूरु समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे तेथील हवा वर्षातील बराच काळ सौम्य असते. म्हणून केवळ खिडक्या उघड्या ठेवून काम भागले असते. परंतु जागेलगत एक उघडा नाला होता आणि दक्षिणेकडून येणारा वारा त्याची दुर्गंधी घेऊन येत असे. सर्व खिडक्या बंद करून वातानुकूलन यंत्रे बसवणे हा सोपा मार्ग होता. येथे तो स्वीकारला गेला नाही.

इमारतीची दक्षिण बाजू भिंतीने बंद करण्यात आली आणि उत्तर बाजू मोकळी ठेवण्यात आली. दक्षिणेची भिंत दुहेरी असून तिच्या दोन पदरांमध्ये पोकळी आहे. बाहेरच्या बाजूस, स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरतात तो काळा कडप्पा दगड बसवलेला आहे. काळा रंग उष्णता अधिक शोषून घेतो. उन्हाने दगड तापला, की पोकळीतील हवाही तापते, हलकी होते आणि धुराड्यातील धुराप्रमाणे वर चढून बाहेर पडते. तिची जागा घेण्यासाठी उत्तरेकडील ताजी हवा खोल्यांमधून आत ओढली जाते. ज्या उन्हाने खोल्या तापल्या असत्या, तेच ऊन येथे हवा खेळती ठेवते.

उजेडाचा विचारही असाच केलेला आहे. उत्तरेचा प्रकाश बहुधा सौम्य असतो. त्यात डोळे दिपत नाहीत. कामाच्या जागा त्या बाजूस आहेत. छतातील झरोक्यांमधून इमारतीच्या मध्यभागीही प्रकाश पोहोचतो. त्यामुळे दिवसा दिव्यांची गरज कमी भासते. गच्चीवरील बागेमुळे छतही फारसे तापत नाही.

प्रत्येक कार्यालयास नवी इमारत बांधणे शक्य नसते. परंतु हेच तत्त्व जुन्या इमारतीतही उपयोगी पडते. मेज खिडकीजवळ आणि प्रकाश बाजूने येईल असे मांडावे. खिडकीवर बाहेरून सावली करावी, कारण काचेतून आत आलेली उष्णता बाहेर काढण्यास यंत्राला अधिक वीज लागते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मते वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून भारतात अशी नवी यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावलेली असावीत, असा नियम आहे. सोबत पंखा मंद गतीने चालू ठेवल्यास हे तापमान सुखकर वाटते. पंखा खोलीतील हवा थंड करत नाही. परंतु वाऱ्यामुळे घाम लवकर वाळतो आणि शरीराला गारवा जाणवतो.

पंख्याची निवडही महत्त्वाची आहे. ७५ वॅटचा पंखा रोज ८ तास याप्रमाणे महिन्यातील २५ दिवस चालल्यास १५ युनिट वीज लागते. कमी वीज घेणारा ३० वॅटचा नवा पंखा तेवढ्याच वेळात केवळ ६ युनिट वापरतो. वीस पंख्यांच्या कार्यालयात ही बचत महिन्याला १८० युनिटांची होते आणि त्यासाठी कोणालाही उकाडा सोसावा लागत नाही.

वीजबचतीचा कोणताही उपाय योजताना तेथे बसून काम करणाऱ्यांना विचारणे हिताचे असते. कोणाच्या मेजावर ऊन येते, कोणाच्या कोपऱ्यात हवा कोंडते, हे त्यांनाच प्रथम कळते. लोकांना त्रास देणारा उपाय फार काळ टिकत नाही. वरिष्ठांची पाठ फिरताच बटणे पुन्हा दाबली जातात. कर्मचाऱ्यांच्या सोयीचा उपाय मात्र कोणी देखरेख न करताही चालू राहतो.