मोजून घालावयाचा टाका

भालकी, औराद, बसवकल्याण वा आळंदकडच्या पुष्कळ मराठी घरांत भिंतीवर काचेच्या चौकटीत क्रॉस स्टिचचे एखादे चित्र आजही दिसते. पोपटांची जोडी, गणपती किंवा 'सुस्वागतम्'. पूर्वी त्यासाठी मॅटीचे कापड आणि दोऱ्याच्या लड्या निरनिराळ्या आणाव्या लागत. आता कापड, दोरा, सुई आणि नमुना एकत्र असलेले संच घरपोच येतात. सोय झाली खरी. परंतु निवडीचा प्रश्नही उभा राहिला.

या संचांचे मुख्य प्रकार दोन. एकात चित्र कापडावरच छापलेले असते; रंग पाहून त्यावर फुल्या घालीत जावयाचे. दुसऱ्यात कापड कोरे असते आणि नमुना चौकटींच्या कागदावर असतो. घरे मोजून टाका घालावा लागतो. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे, त्यांना छापील संच उपकारक ठरतो. मात्र त्यातील शाई धुऊन जाणारी असेल, तर धुण्यापूर्वी इस्त्री फिरवू नये. उष्णतेने डाग पक्का होण्याचा संभव असतो.

कापडाचा अंक हा दुसरा विचार. 11, 14, 18 हे आकडे एका इंचात किती टाके बसतात ते सांगतात. 140 टाके रुंदीचे चित्र 14 अंकी कापडावर 10 इंच भरते, 11 अंकीवर पावणेतेरा इंचांच्या आसपास, तर 18 अंकीवर पावणेआठ. चौकटीसाठी प्रत्येक बाजूस तीन इंच कापड अधिक हवे. नवशिक्या मुलीस 11 अंकी कापड, बोथट टोकाची सुई आणि चार-सहाच रंगांचा लहान नमुना द्यावा. दोरा सहा पदरांचा असतो; 14 अंकी कापडास त्यांतील दोन पदर सामान्यतः पुरतात. गडद लाल दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा; रंग उतरल्यास तो वापरू नये.

हे झाले व्यवहाराचे. आम्हांस याहून महत्त्वाची वाटते ती मोजणी. धारवाड-विजापूरकडील कसुती या भरतकामाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. तिचे टाके चार: गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. यांतील मेंथी म्हणजेच क्रॉस स्टिच. कन्नडातील मेंथी ती आपली मेथी. नमुना कापडावर न रेखाटता, केवळ धागे मोजून, इरकली लुगड्यांवर गोपुरे, रथ, हत्ती आणि तुळशीवृंदावने उमटविली जात. सोयरिकींच्या निमित्ताने अशी लुगडी आपल्या पेट्यांतही आली. ती जीर्ण होत आहेत. ज्या मुलीस घरे मोजता येतात, ती अशा लुगड्यावरील रथ कागदावर उतरवून घेऊ शकेल. जिला केवळ छापील फुली भरता येते, तिच्या दृष्टीने तो नमुना लुगड्याबरोबरच संपेल.

भाषेचेही तसेच. बाजारातील संचांत अक्षरे बहुधा रोमन असतात. देवनागरीची शिरोरेषा आणि काना चौकटींत सहज बसतात. 'क', 'ळ', 'श' यांची वळणे मात्र आधी कागदावर जुळवावी लागतात. कन्नड मुलखात वाढणाऱ्या, अन्य माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या मुलीने आपले आडनाव असे घर मोजून देवनागरीत भरले, तर अक्षराची ठेवण तिच्या बोटांत बसते.

म्हणून पहिला संच मोजणीचा आणि लहान घ्यावा. दुसऱ्या वेळी संचच घेऊ नये. कोरे मॅटीचे कापड, दोरा आणि गणिताच्या वहीतील चौकटींचे पान पुरेसे आहे. नमुना पेटीतल्या लुगड्यावर आहेच. तो विरण्यापूर्वी कागदावर उतरवून घ्यावा, एवढीच वाचक भगिनींना विनंती.